काट्यावरची पावती

जानेवारीतली रात्र. साखर कारखान्याच्या गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग पार हमरस्त्यापर्यंत लागलेली, हवेत मळीचा आंबूस वास, रांगेतले ड्रायव्हर पाचटाच्या शेकोटीभोवती. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह काट्यावर चढतो. केबिनमधला लिपिक चिठ्ठीवरचे कोड टाकतो: शेतकरी, गाव, प्लॉट, उसाची जात, तोडणी टोळी, वाहनमालक. काट्याचा आकडा स्क्रीनवर आपोआप उमटतो, २४.८६० टन. गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर येते, तेव्हा ८.१४०. निव्वळ ऊस १६.७२०. प्रिंटर खरखरतो, पावती फाटते, ड्रायव्हर ती खिशात कोंबून निघून जातो.

एवढ्याशा कागदाला पुढच्या पंधरा दिवसांत किती जण किती प्रश्न विचारतात, हे मी एका सहकारी कारखान्याच्या संगणक विभागात काही हंगाम काढले तेव्हा पाहिलं. शेतकी खातं विचारतं, या गावातला किती ऊस संपला? टोळीचा मुकादम विचारतो, माझी उचल किती फिटली? हिशेब खातं सोसायटीच्या कर्जाची कपात बघतं. चीफ केमिस्टला गाळप आणि उतारा हवा असतो, चेअरमनला शेजारच्या कारखान्यापेक्षा आपण मागे का ते. नोंद एकच, विचारणारे निराळे. व्यवसायातल्या माहिती प्रणालींचे म्हणून जे प्रकार पुस्तकांत शिकवतात, ते माझ्या मते या विचारणाऱ्यांचे प्रकार आहेत. यंत्र बहुतेक वेळा तेच असतं.

बीबीए-बीसीएच्या पुस्तकांत यासाठी एक त्रिकोण काढलेला असतो. तळाला व्यवहार प्रक्रिया प्रणाली, तिच्यावर व्यवस्थापन माहिती प्रणाली, मग निर्णय सहायक प्रणाली, आणि टोकाला वरिष्ठांसाठीची कार्यकारी माहिती प्रणाली. मुलं परीक्षेत हा त्रिकोण सुबक काढतात आणि नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात विसरतात, कारण कार्यालयात कोणत्याच दारावर ‘निर्णय सहायक प्रणाली’ अशी पाटी नसते. त्रिकोणामागची कल्पना मात्र पक्की आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी १९६५मध्ये मांडलं की संस्थेतलं नियंत्रण तीन पातळ्यांवर चालतं: रोजचं काम पार पाडणं, साधनं नीट वापरली जातात का हे बघणं, आणि कुठल्या दिशेला जायचं ते ठरवणं. माहितीची गरजही त्याप्रमाणे बदलते. खाली ती अचूक, ताजी आणि बारीक लागते; वर जावं तशी ती ठोकळ, बाहेरच्या जगाची आणि उद्याची लागते.

संगणक येण्यापूर्वी हे नव्हतं असं नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल पडले आहेत. त्यांत रोजकीर्द आहे, प्रांत अजमास आहेत. रोजकीर्द म्हणजे आज काय घडलं ते घडलं त्या क्रमाने. आपल्या पेढ्यांवरही हीच रीत होती. किर्दीवरून खतावणी, म्हणजे तीच नोंद खात्याखात्यांत वाटून. खतावणीवरून तेरीज, म्हणजे गोषवारा. आणि अजमास म्हणजे अंदाज. मला तर पुस्तकातल्या त्रिकोणापेक्षा ही उतरंड जास्त कळते. किर्द लिहिणारा कारकून आणि अजमास वाचणारा कारभारी यांच्यामधलं अंतर जसं त्या काळी होतं, तसंच आज काटा-लिपिक आणि कार्यकारी संचालक यांच्यात आहे.

धंद्याचं नेहमीचं काम संगणकावर पहिल्यांदा चाललं ते लंडनमध्ये, आणि तेही चहावाल्यांकडे. जे. लायन्स अँड कंपनीची चहागृहं शहरभर होती, केक-पावाच्या बेकऱ्या होत्या. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचा संगणक बनत होता. लायन्सने त्या कामाला पैसे दिले आणि बदल्यात त्या रचनेवरून स्वतःचा संगणक बांधला. त्याचं नाव ‘लिओ’, लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. नोव्हेंबर १९५१मध्ये त्याच्यावर बेकरीतल्या मालाच्या मूल्याचा हिशेब नियमित सुरू झाला. पगारपत्रकं त्यानंतर. पण मला आवडतो तो १९५४मधला चहागृहांच्या मालाचा प्रयोग. प्रत्येक चहागृहाची ठरलेली मागणी संगणकाकडे आधीच होती. व्यवस्थापिका दुपारी फोनवर फक्त फरक सांगायची: उद्या पाव वीस जास्त, केक दहा कमी. तेवढंच कार्डावर पंच व्हायचं, बाकीचं यंत्र करायचं. सगळं रोज नव्याने लिहायचं नाही, बदललं तेवढंच सांगायचं. या कामाची मांडणी करणारे डेव्हिड कॅमिनर मुळात लायन्सच्याच कार्यालयातले. चहागृहात माल कसा जातो हे त्यांना तारांच्या जंजाळापेक्षा आधी ठाऊक होतं.

आता त्रिकोणाचा तळाचा थर. त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी टीपीएस म्हणतात: विक्रीचं बिल, बँकेतला भरणा, रेल्वेचं आरक्षण, हजेरी, आपली काट्यावरची पावती. यात बुद्धी कमी आणि शिस्त जास्त लागते, म्हणून लेखक मंडळी याच्यावरून चटकन पुढे सरकतात. माझ्या मते निम्मा विषय इथेच आहे. पहिला नियम असा की व्यवहार झाला तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. भरलेल्या गाडीचं वजन झालं आणि रिकामी गाडी काट्यावर येण्याआधी वीज गेली, तर ती नोंद ‘अपुरी’ म्हणून उभी राहिली पाहिजे. अर्धवट आकडा शेतकऱ्याच्या खात्यावर जाता कामा नये. बँकेत एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असं मधलं स्थान नोंदीत असूच शकत नाही. दुसरा नियम, एकाच वेळी दोघांना एकच गोष्ट विकायची नाही. रेल्वेने १९८५मध्ये दिल्लीत संगणकी आरक्षण सुरू केलं तेव्हा शेजारशेजारच्या दोन खिडक्यांवरून एकच बर्थ जाणार नाही, हे बघणं हेच त्या यंत्रणेचं मुख्य काम होतं. तिसरी गोष्ट कोडची, आणि ती मी हात पोळून शिकलो.

आमच्याकडे एका गावात एकाच नावाचे दोन सभासद होते. आडनाव तेच, बापाचं नावही तेच. लांबचे चुलत भाऊ असावेत. कोड वेगळे, पण शेवटचे दोन अंक उलटसुलट. एका रात्री लिपिकाने एकाचा ऊस दुसऱ्याच्या कोडवर टाकला. स्क्रीनवर नाव बरोबर दिसलं, गाव बरोबर दिसलं, त्याने पावती फाडली. काटा अचूक, प्रोग्रॅम अचूक, बेरीज अचूक. पंधरवड्याचं बिल निघालं, बँकेत गेलं, एकाच्या खात्यावर जास्तीचे साठेक हजार पडले. त्याने ते लगेच सोसायटीच्या कर्जात भरून टाकले. ज्याचा ऊस होता तो माणूस तीन आठवड्यांनी गट ऑफिसात आला, आणि टेबलावर कोयता ठेवून शांतपणे खुर्चीत बसला. पुढचे दोन दिवस आम्ही उलट्या नोंदी करत होतो. त्यानंतर नावाशेजारी सात-बाराचा गट नंबरही स्क्रीनवर दिसेल अशी सोय केली. ती तीन ओळींची दुरुस्ती होती.

छोट्या दुकानदाराच्या पातळीवर हा थर म्हणजे टॅली. श्यामसुंदर गोएंका यांना कारखान्यांना माल पुरवण्याच्या आपल्या धंद्याचे हिशेब ठेवायला सोपं साधन हवं होतं. मुलगा भरत याने ते लिहिलं आणि १९८६मध्ये बंगळूरमध्ये कंपनी सुरू झाली. आज तालुक्याच्या बाजारपेठेत ‘टॅलीत मार’ हे ‘वहीत लिही’ इतकं सहज बोललं जातं. टॅलीच्या लोकप्रियतेचं एक कारण फारसं कोणी मोठ्याने सांगत नाही: मागच्या तारखेची एंट्री बिनबोभाट बदलता यायची. मार्चअखेरीला सीएकडे जाण्यापूर्वी किती किर्दी रात्रीत सुधारल्या गेल्या असतील, देव जाणे. १ एप्रिल २०२३पासून नोंदणीकृत कंपन्यांना मात्र प्रत्येक बदलाचा माग ठेवणारी आणि तो माग बंद करता न येणारी हिशेब-प्रणालीच वापरावी लागते. कोणी, केव्हा, काय बदललं हे कायम उरतं. जुन्या वहीत खाडाखोड डोळ्यांना दिसायची. संगणकाने ती अदृश्य केली होती, कायद्याने पुन्हा दिसती केली.

दुसरा थर व्यवस्थापन माहिती प्रणालीचा, एमआयएसचा. आपल्याकडच्या कार्यालयांत या शब्दाचा अर्थ आक्रसून ‘सायबांना सकाळी जायचं एक्सेल’ एवढाच उरलाय. ‘एमआयएस गेला का?’ असं विचारतात. ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह पाहिजे’ अशा जाहिराती येतात आणि पात्रतेत व्ही-लूकअप लिहिलेलं असतं. अर्थ संकुचित असला तरी चुकीचा नाही. हजारो पावत्यांतून ठरावीक वेळी ठरावीक नमुन्यात निघणारा गोषवारा, म्हणजे तेरीजच. कारखान्यात तो रोज सकाळी आठच्या सुमारास तयार लागतो: कालचं गाळप, आजअखेर गाळप, उतारा, गाळप कुठे किती वेळ थांबलं आणि का.

त्या कागदावर दशांश चिन्हानंतरच्या एका अंकाकडे सगळ्यांचे डोळे असतात. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यावर, ठरते. २०२४-२५च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जास्त, असा केंद्राचा दर होता. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात हा ०.१ टक्का म्हणजे ३ कोटी ३२ लाख रुपये. उतारा कोणत्या हंगामाचा धरायचा यावरून आंदोलनं झाली, न्यायालयापर्यंत प्रकरणं गेली. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. म्हणजे कुठल्या पावतीला किती दिवस झाले याचाही तक्ता निघायला हवा. तो प्रणालीत असतोच. कोणी मागवत नाही, एवढंच.

इथे रसेल अ‍ॅकॉफ आठवतात. १९६७मध्ये त्यांनी ‘मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टिम्स’ अशा खोचक नावाचा लेख लिहिला. तेव्हा सगळ्यांचं गृहीत असं की व्यवस्थापकाला माहिती कमी पडते, जास्त पुरवली की तो जास्त चांगले निर्णय घेईल. अ‍ॅकॉफ म्हणाले, उलट आहे. तो नको असलेल्या माहितीखाली गाडला गेलाय. आधी चाळणी लावा, गाळीव द्या, पुरवठा नंतर वाढवा. आणि व्यवस्थापक मागतो ती माहिती त्याला लागतेच असंही नाही. निर्णय कसा होतो हे त्यालाच नीट ठाऊक नसेल, तर घाबरून तो सगळंच मागतो. आमच्याकडे रोज छापले जाणारे काही अहवाल एका हंगामात आम्ही न सांगता बंद करून पाहिले. एकाचीच विचारणा झाली, तीही त्याच्या पाठकोऱ्या कागदांवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या शिपायाकडून.

निर्णय सहायक प्रणाली हा तिसरा प्रकार, आणि सगळ्यांत मनोरंजक. एमआयटीचे गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१मध्ये ही कल्पना नीट मांडली. काही निर्णय पुरते ठरावीक असतात: साठा इतक्यावर आला की मागणी टाका. काही निव्वळ अंदाजाचे: नवा प्रकल्प उभारावा का. मधला पट्टा अर्धा नियमांचा आणि अर्धा माणसाच्या समजुतीचा, आणि यंत्राची खरी मदत तिथे होते. यंत्र ‘असं केलं तर काय होईल’ एवढं दाखवतं, ठरवतो माणूस.

ऊसतोडणीचा प्रोग्रॅम हे याचं पाठ्यपुस्तकात शोभणारं उदाहरण आहे. कोणता प्लॉट कधी तोडायचा? आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा, प्रत्येकाची पक्वता वेगळी. लवकर तोडला तर साखर भरलेली नसते, उशीर झाला तर तुरा येऊन वजन घटतं. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकी साखर उतरते, त्यामुळे गव्हाण रिकामी पडता कामा नये आणि गेटबाहेर रांगही वाढता कामा नये. टोळ्या मोजक्या, वाहनं मोजकी, अंतरं वेगवेगळी. लागणीच्या तारखा, जाती, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेला ब्रिक्स (रसाच्या गोडीचं माप), हे सगळं घालून संगणक फार सुंदर क्रम काढतो. मग यादी शेतकी अधिकाऱ्याकडे जाते आणि त्याच्या पेनने खाली-वर होते. एखाद्या रानात पाणी आहे, गाडी जाणार नाही. एखाद्याच्या घरी लग्न आहे. एखादा प्लॉट संचालकांच्या मेव्हण्याचा आहे. पहिली दोन कारणं यंत्राला माहीत नसलेली माहिती आहे. तिसरं कारण म्हणजे यंत्राला कधीच न सांगितला जाणारा नियम. अर्ध्या नियमांचा निर्णय म्हणतात तो हा. आता उपग्रहाची चित्रं आली आहेत, बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालवले आहेत. पक्वतेचा अंदाज त्याने सुधारेल. मेव्हण्याचं काय करायचं ते मात्र चेअरमनलाच ठरवावं लागेल.

टोकाच्या कार्यकारी माहिती प्रणालीबद्दल थोडक्यातच सांगतो. एका पडद्यावर मोजकेच आकडे, लाल-हिरवे दिवे, हव्या त्या आकड्यावर बोट ठेवलं की त्याच्या पोटातले आकडे. आज याला डॅशबोर्ड म्हणतात आणि तो प्रत्येकाच्या मोबाइलवर असतो, त्यामुळे वरिष्ठांसाठी म्हणून वेगळी जात उरलेलीच नाही.

त्रिकोणाला छेद देणारी गोष्ट म्हणजे ईआरपी, एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग. वरचे थर अधिकाराच्या पायऱ्यांप्रमाणे आडवे कापलेले; कामाचा ओघ मात्र या खात्यातून त्या खात्यात जातो. पूर्वी आपल्या १६.७२० टनांचा आकडा ऊस रजिस्टरात, तोडणी बिलात, वाहतूक बिलात, सोसायटीच्या वसुली यादीत आणि गाळप अहवालात असा पाच ठिकाणी पाच कारकून उतरवून घेत. हंगामाअखेर पाच बेरजा जुळत नसत आणि जुळवणारा सहावा कारकून लागे. एकदाच लिहा, सगळ्यांनी तिथूनच घ्या, हा ईआरपीचा गाभा. त्याची मुळं जुनी: १९६०च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी कारखान्यातल्या कच्च्या मालाच्या नियोजनाची पद्धत बसवली. १९७२मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी सॅप ही कंपनी काढली. १९९०मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने ‘ईआरपी’ हे नाव दिलं.

पण एकदाच लिहायचं म्हटल्यावर चूकही एकदाच होते आणि सगळीकडे जाते. अमेरिकेतली हर्शी ही चॉकलेट कंपनी १९९९च्या जुलैत, म्हणजे हॅलोविन सणाच्या मागण्यांच्या ऐन तोंडावर, नव्या प्रणालीवर एका झटक्यात गेली. त्या मोसमात सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला वेळेवर पुरवता आल्या नाहीत. माल नव्हता असं नव्हे. गर्दीच्या दिवसांत माल जिथे तात्पुरता ठेवायची जुनी वहिवाट होती, त्या जागा नव्या प्रणालीत नोंदलेल्याच नव्हत्या. जुन्या माणसांना त्या ठाऊक होत्या, म्हणून कोणाला लिहाव्याशा वाटल्या नाहीत. ईआरपी फसलेल्या कुठल्याही संस्थेत खोलात गेलं की अशी एखादी सगळ्यांना ठाऊक आणि कुठेच न लिहिलेली जागा सापडते.

ग्राहकांसाठी सीआरएम, पुरवठादारांसाठी एससीएम ही याच कुळातली नावं. मला त्यांच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते संस्थेची भिंत ओलांडणं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि नोंदणी केलेल्या छोट्या दुकानाचीही हिशेब-प्रणाली दुसऱ्याच्या प्रणालीला बांधली गेली. पुरवठादाराने आपलं विक्रीचं विवरण, जीएसटीआर-१, वेळेत भरलं नाही, तर तुमच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या विवरणात ते बिल दिसत नाही आणि तुमचं इनपुट क्रेडिट अडकतं. नोंद करणारा एक, भोगणारा दुसरा. दर महिन्याच्या मध्याला बाजारपेठेत जे एकमेकांना फोन चालतात, त्यांत उधारीपेक्षा ‘रिटर्न भरलं का’ हाच प्रश्न जास्त असतो.

नोंद खालून वर जाते हे सगळ्या पुस्तकांत आहे. ती परत खाली, जिच्याबद्दल आहे त्या माणसापर्यंत येते का, याचा धडा वारणेने दिला. १९९८मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांत वारणा सहकारी समूह, राज्य सरकार आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभारला. गावागावात संगणक केंद्रं. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागदपत्रं असा मोठा बेत. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी जाऊन पाहिलं, तर केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्याच कामाला होत होता: नोंद झाली का, वजन किती भरलं, बिल किती निघालं, खत किती मिळणार. त्यासाठी महागडा संगणक सांभाळण्याची गरज नव्हती. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने हीच माहिती देऊन पाहिली आणि ते स्वस्तात चाललं. शेतकऱ्याने बाजारभावापेक्षा स्वतःच्याच पावतीबद्दल आधी विचारलं याचं मला नवल वाटत नाही. काटामारीची तक्रार ऊसपट्ट्यात जुनी आहे. ज्याने ऊस पिकवला त्याला आकडा सगळ्यांत शेवटी कळायचा.

आमच्याकडे एसएमएस पुढे सुरू झाले. बैठकीत त्याला ‘शेतकरी सेवा’ म्हणाले, आणि खर्चावरून एखाददुसरा विरोधही झाला. पहिल्याच हंगामात, एका पहाटे, गट ऑफिस उघडायच्या आधीच एक सभासद पायरीवर बसलेला दिसला. त्या दोन चुलत भावांपैकी एक. हातात मोबाइल, त्यावर रात्री दीड वाजता आलेला संदेश: निव्वळ वजन १४.३१०. त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, “साहेब, ह्ये कुणाचं? माझी ट्रॉली अजून रानातच हाय.”